मेडिकलच्या अभ्यासात नाव द्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: घरात सिकलसेलचं (हा रक्ताचा जन्मजात आजार) मूल आहे, नागपूरच्या मेडिकलला नाहीतर मेयोला (दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं) दर महिन्याला गोळ्यांसाठी जावं लागतं, आणि एका खेपेला तिथल्या डॉक्टरांनी चार-पाच पानी फॉर्म पुढे केला. 'अभ्यास चालू आहे, यात नाव द्या' म्हणाले. सही करावी का? पोरावर काही प्रयोग तर करणार नाहीत ना?

माझं उत्तर असं: बहुतेक अभ्यासांत नाव द्यावं, आणि मनापासून द्यावं. पण फॉर्म घरी आणून, वाचून, विचारायचं ते विचारून. ओपीडीच्या रांगेत उभ्या-उभ्या सही करू नये.

आधी हे समजून घ्या की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चालणारे पुष्कळसे अभ्यास निवासी डॉक्टरांच्या प्रबंधाचे असतात. एमडी करायचं तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला प्रबंध द्यावाच लागतो. यात सहसा नवं औषध नसतं. प्रश्नावली असते, फाईलमधली माहिती उतरवून घेतात, फार तर नेहमीच्या तपासणीच्या वेळी एक जांभळ्या बुचाची नळी जास्तीची भरतात, म्हणजे साधारण दोन मिली रक्त. दुसरा प्रकार औषधाच्या चाचणीचा. तिथे औषध, डोस किंवा उपचाराची पद्धत ताडून बघतात, आणि तिथे जास्त चौकशी करायला हवी. म्हणून पहिला प्रश्न हाच: 'यात माझ्या मुलाच्या उपचारात काही बदल होणार आहे का?'

आता नाव का द्यावं, ते सांगते. दवाखान्याला आजार दिसतो तो फक्त तुम्ही दवाखान्यात येता त्या दिवशीचा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी सिकलसेलच्या २३२ मोठ्या रुग्णांना रोज वही लिहायला लावली, काहींनी सहा महिन्यांपर्यंत लिहिली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे ५५ टक्के दिवस दुखण्याचे होते. पण त्या दुखण्यासाठी रुग्ण दवाखान्यात गेले ते फक्त ३.५ टक्के दिवशी. दर दहातले जवळजवळ तीन रुग्ण असे होते की त्यांचा जवळपास एकही दिवस दुखण्याशिवाय गेला नाही. त्याआधी डॉक्टर मंडळी आजाराची तीव्रता 'वर्षातून किती वेळा भरती झाला' यावर मोजत होती. घरी गोधडीत पाय पोटाशी घेऊन काढलेल्या रात्री कुठल्याच हिशोबात नव्हत्या.

हे आकडे उचलून विदर्भाला लावता येत नाहीत. आपल्याकडचा सिकलसेल अरब-भारतीय प्रकारचा. त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे इथला आजार सौम्य असतो असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपुरात मुलांवर झालेल्या कामाने तो समज हलवला. इथल्याही अनेक मुलांना वारंवार कळा येतात, रक्त द्यावं लागतं, भरती करावं लागतं. पण घरातल्या दिवसांचं काय? गडचिरोलीतल्या एटापल्लीहून नाहीतर भामरागडहून नागपूर गाठायला अख्खा दिवस जातो. तिथलं पोर दुखलं तरी घरीच राहतं, आणि कागदोपत्री त्याचं दुखणं शून्य. ही पोकळी रुग्णाने लिहिल्याशिवाय भरत नाही. म्हणून वहीचा अभ्यास असेल तर मी कुणालाही 'नाव द्या' असंच सांगते.

वही कशी लिहायची यावर थोडं थांबते, कारण बहुतेक अभ्यास इथेच फसतात. अभ्यासाची छापील वही मिळाली तर उत्तम, नसेल तर शंभर पानी वही आडवी धरून रकाने आखा: तारीख, आजचं सगळ्यात जास्त दुखणं ० ते १०, कुठे दुखलं, किती तास, कोणती गोळी किती वाजता, काय बुडालं (शाळा, मजुरी, झोप), दवाखान्यात गेलो की नाही. पहिल्याच पानावर आकड्यांचा अर्थ आपल्यापुरता लिहून ठेवा. ३ म्हणजे दुखतंय पण कामं होतात, ६ म्हणजे वर्गात बसवत नाही, ८ म्हणजे झोप नाही, रडू येतं. असं केलं की जूनमधला ६ आणि डिसेंबरमधला ६ एकच राहतो. रोज एकाच वेळी लिहा, रात्री जेवणानंतर सोयीचं पडतं.

दुखलं नाही त्या दिवशी ० लिहायचं. रकाना कोरा ठेवायचा नाही. कोऱ्या रकान्यावरून मोजणाऱ्याला कळत नाही की पोर बरं होतं, की लिहायचं राहिलं, की इतकं दुखत होतं की लिहिताच आलं नाही. आणि हा तिसरा प्रकार सगळ्यात घातक. कळ जोराची असते त्या दिवशी वही कुणी उघडत नाही, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसच नोंदीतून गळतात आणि आजार आहे त्यापेक्षा हलका दिसतो. असे दिवस नंतर भरा, पण शेजारी 'दुसऱ्या दिवशी लिहिलं' एवढं नमूद करा.

दुसरी चूक म्हणजे दवाखान्याच्या तारखेच्या आदल्या रात्री, नाहीतर एसटीत बसून, महिनाभराचे आकडे एकदम भरणं. ते ओळखू येतं: एकच पेन, एकसारखं अक्षर, ४-४-५-४ ची रांग. त्यात मुद्दाम खोटेपणा नसतो. माणसाला महिन्याभराचं दुखणं आठवतच नाही, सगळ्यात जोराची कळ आणि शेवटचे दोन-तीन दिवस तेवढे लक्षात राहतात. अशा वहीपेक्षा दहाच दिवस प्रामाणिकपणे लिहिलेली वही संशोधकाच्या जास्त कामाची. दहाच दिवस जमले तर तसं सांगा, ओशाळू नका.

तिसरी गोष्ट, दुखणं ज्याचं त्यानेच सांगावं. प्रश्न सुनेला असतो आणि उत्तर सासू देते, हे रोजचं आहे. लहान मुलांसाठी सहा चेहऱ्यांचं चित्र असतं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. बोट मुलाने ठेवायचं, आईने नाही. आणि डॉक्टर समोर आहेत म्हणून 'बरं आहे साहेब' म्हणायची आपली सवय या कामात बाजूला ठेवायला हवी. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर शेवटी रुग्णांच्याच विरोधात जातं.

ऋतूचंही बघा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो, अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी लवकर कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही कळा वाढतात. म्हणून तीन महिन्यांचा अभ्यास असेल तर कोणते तीन महिने, हे विचारणं अगदी रास्त आहे.

एक सावधगिरी मात्र पाळा. वही लिहिणं म्हणजे उपचार नव्हे. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली पोट एकाएकी फुगून मूल पांढरंफटक पडलं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर वही राहू द्या आणि तडक दवाखाना गाठा.

औषधांच्या चाचणीचं वेगळं. कळा कमी व्हाव्यात म्हणून ज्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आज तुमच्या मुलाला मिळतात, त्यांच्या डोसचा प्रश्न नागपुरातच अभ्यासला गेला. पाश्चात्त्य पद्धतीत दर किलो वजनाला रोज १५ ते २० मिलिग्रॅमने सुरुवात करून, रक्त तपासत डोस ३५ पर्यंत चढवत नेतात. नागपूरच्या मुलांना दर किलोला रोज ठरावीक १० मिलिग्रॅम देऊन पाहिलं आणि कळा, रक्त देण्याची गरज, भरती होणं, तिन्ही कमी झाल्या. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. डोस कमी ठेवला की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरण्याची भीती कमी राहते, आणि ज्या गावात महिन्याला सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करणं कठीण, तिथे याचं मोल मोठं आहे. (तरी सीबीसी चुकवू नका. आणि डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.) हे उत्तर मिळालं, कारण तेव्हा काही आईबापांनी मुलांची नावं दिली.

चाचणीत गोळ्या मोजतात. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या स्ट्रिप घेऊन या म्हणतात. डॉक्टर रागावतील या धास्तीने काही जण चुकलेल्या गोळ्या फेकून देतात आणि 'सगळ्या घेतल्या' सांगतात. मग हिशोबात येतं की पूर्ण डोस देऊनही फरक पडला नाही, आणि पुढच्या मुलांसाठी डोस विनाकारण वाढवला जाऊ शकतो. चुकल्या तर चुकल्या म्हणून सांगा.

चाचणी काय मोजते आहे, हेही विचाराच. व्हॉक्सेलोटर नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१९ साली घाईच्या मार्गाने परवानगी मिळाली, कारण त्याने हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढत होतं. रिपोर्ट सुधारत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण पुढच्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये कळा आणि मृत्यू जास्त दिसले. रक्तातला आकडा आणि माणसाचं जगणं यांची दिशा एकच असेल असं धरून चालत नाही. मुलाची शाळा किती बुडली, झोप किती मिळाली, हे कुठल्याच फॉर्ममध्ये नसेल तर मला तो अभ्यास अपुरा वाटतो, आणि तसं डॉक्टरांना सांगायला हरकत नाही.

आता फॉर्म. माहितीपत्रक मराठीत हवं, हिंदीभाषक असाल तर हिंदीत. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवायला हवं, मग अंगठा. एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. तिच्यावर मुख्य संशोधकाचा आणि अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा फोन असतो. या समितीत किमान सात जण लागतात, त्यात कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो, तक्रार तिथे करता येते. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीचा क्रमांक मागा. एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी ही नोंद सक्तीची आहे आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. केवळ अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची मुभा नियमांत आहे, म्हणून ते विचारायला लाजू नका. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार आणि भरपाई कशी, हे लिहिलेलं असावं. डमी (औषध नसलेल्या) गोळीच्या गटात गेलो तर चालू असलेलं हायड्रॉक्सीयुरिया सुरू राहील का, याचं उत्तर स्पष्ट मिळाल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक प्रश्न लोक विचारत नाहीत, तो मला महत्त्वाचा वाटतो: 'डॉक्टर, तुमचं शिक्षण संपल्यावर आमच्या मुलाला कोण बघेल, आणि यातून काय निघालं ते आम्हाला कोण सांगेल?' निवासी डॉक्टर तीन वर्षांत बाहेर पडतात, रुग्ण तिथेच राहतो. वरिष्ठ प्राध्यापकाचं नाव प्रतीवर लिहून घ्या.

नाव फुटण्याची भीती खरी आहे. आपल्याकडे सिकलसेलचं नाव निघालं की मुलीच्या लग्नाची बोलणी मोडतात, ती नुसती वाहक असली तरी, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे. चांगल्या अभ्यासात नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलुपात. पण लहान गावाचं नाव, वय आणि मुलगी एवढं छापलं तरी ओळख पटते. तेव्हा गावाऐवजी फक्त जिल्हा लिहाल का, असं विचारा. रक्त साठवून पुढे जनुकीय तपासणीला वापरणार असतील तर त्याची संमती वेगळी घेतात. ती नाकारूनही अभ्यासाच्या बाकीच्या भागात राहता येईल का, तेही विचारून घ्या.

शेवटी मुलाचं मत. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी सही आईबापांची असते, पण सातव्या वर्षापासून मुलाचा होकारही घ्यावा लागतो. बारापर्यंत तोंडी, पुढे सोप्या भाषेतल्या कागदावर लेखी. ते नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नका, आधी कारण विचारा. पुष्कळदा कारण सुईचं असतं, आणि वही लिहायला ते तयार असतं. मध्येच अभ्यास सोडायचा असेल तर कारण द्यायची सक्ती नाही, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. फक्त चाचणीचं औषध चालू असेल तर ते घरी परस्पर बंद न करता, डॉक्टरांना सांगून पुढच्या तारखेची पावती तिथेच करून घ्या.