दऱ्या आणि दर्या

"ताई, वेळ बदलल्याचा मेसेज टाकलास कुठे?" पहाटे साडेपाचला स्वारगेटहून फोन आला. आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा चॅट सर्व्हर मी चालवते, ओपन सोर्स, एक्सएमपीपीवरचा, म्हणजे चॅट सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या खुल्या नियमांवरचा. पाचऐवजी सहाला निघायचं, हे मी आदल्या रात्री स्वतः लिहिलं होतं. तरी अकरा जण पाचपासून पावसात उभे होते.

परत आल्यावर रूमची यादी काढली. एक 'दऱ्याखोऱ्या'. दुसरी 'दर्याखोर्या', आणि ते अकरा जण तिच्यात. रूम नसेल तर आत शिरणाऱ्यासाठी सर्व्हर नवी उघडून देतो, त्यामुळे कुणालाच 'अशी रूम नाही' असं उत्तर मिळालं नव्हतं. नाव वेगळं दिसलं तेव्हा फॉन्ट बिघडला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मराठीत ही सवय आपल्याला लागलीच आहे.

पण 'दर्या' कुणीच टाइप केलं नव्हतं. आलेला मजकूर बाइट-बाइट करून पाहिला. पापणीसारखा र दोन प्रकारे लिहिता येतो. काही कीबोर्ड ऱ आणि हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण, देतात. काही साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच. अकरा जणांच्या मजकुरात ई२ ८० ८डी हे जोडकाचे तीन बाइट होते. रूमचं नाव हाच सर्व्हरवर तिचा पत्ता, आणि नोंदलेल्या पत्त्यात ते नव्हते.

ते खाल्ले होते स्ट्रिंगप्रेपनं. २००२ चा हा नियम सांगतो की पत्ता नोंदवण्याआधी अदृश्य चिन्हं गाळा. हेतू चांगला आहे, कुणी हुबेहूब दिसणारा खोटा पत्ता घेऊ नये. पण त्या गाळणीत झेडडब्ल्यूजेही आहे, आणि तो गेला की दरीची दर्या होते.

ग्रुपमधल्या एका अभियंत्यानं सल्ला दिला, "नाव इंग्रजीत ठेव ना." या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. सर्व्हर मराठीसाठी दुरुस्त करणं त्याला जमलं असतं. त्याला ते करण्यासारखं कामच वाटलं नाही.

दोन वर्षं मी तो सर्व्हर फक्त वापरत होते. त्या रात्री पहिल्यांदा सोर्स उतरवून घेतला. र-हलंत-जोडक दिसलं की गाळणीच्या आधी त्याचं ऱ-हलंत करायचं, असा नऊ ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला. सर्व्हरच्या कोडची देखभाल करणाऱ्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं : आधी फसणारी टेस्ट, म्हणजे ही चूक पकडणारी तपासणी, लिहा. आणि हा फरक खरोखर अर्थाचा आहे का? मी आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी दिली. गुरू आणि स्वयंपाकी. त्याला लगेच पटलं.

पॅच मात्र त्यानं नाकारला. त्याचं म्हणणं : आपला सर्व्हर इतर सर्व्हरशी बोलतो. आपण पत्ता एका रीतीनं बदलला आणि समोरच्यानं दुसऱ्या, तर एकाच माणसाचे दोन पत्ते होतात. मी दोन दिवस भांडले. त्याचं बरोबर होतं.

एक्सएमपीपीच्या पत्त्यांसाठी २०१५ साली आलेल्या नव्या नियमात, आरएफसी ७६२२ मध्ये, हलंतानंतरचा झेडडब्ल्यूजे चालतो. म्हणजे दर्या होणार नाही. पण ऱ-हलंत आणि र-हलंत-जोडक हे युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाणाच्या, लेखी समान नाहीतच, म्हणून रूम दोनच राहतील, आता तर डोळ्यांना अगदी एकसारख्या. ते मला जास्त भयानक वाटतं.

शेवटी आत गेलं ते छोटं काम : नवी रूम उघडण्याआधी ऱ आणि र एकच धरून जुन्या नावांशी ताडून पाहायचं, जुळलं तर रूम न उघडता जुनं नाव सुचवायचं. हे पत्त्याला हात लावत नाही. पण माणसाच्या पत्त्याचं काय? खातं काढताना कुणी 'आचाऱ्या' लिहिलं, तर आजही आमचा सर्व्हर कीबोर्डप्रमाणे त्याला कधी 'आचाऱ्या' करतो, कधी 'आचार्या'. त्याची टेस्ट मी लिहून ठेवली आहे. 'सध्या फसणं अपेक्षित' अशी खूण करून ती कोडच्या रिपॉझिटरीत आहे, आणि प्रत्येक बिल्डमध्ये फसते.