चार दिवसांची दुसरी आई

"आई, मी गाडा ओढायला जाऊ?" लेकीने जेवता जेवता विचारलं, तेव्हा मला वाटलं शाळेचं काहीतरी असेल.

आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. आमच्या गल्लीत आमचं घर सोडलं तर बहुतेक सगळे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्याच एका ख्रिस्ती पंथाचे. त्यांच्या चर्चची चौदा ते अठरा वर्षांची मुलं दर काही वर्षांनी 'ट्रेक'ला जातात. जुना वेश करून, हातगाडे ओढत, पूर्वज ज्या वाटेने आले तिथे. मैत्रिणींनी हिलाही बोलावलं होतं. धर्मांतराची शंका नवऱ्याने बोलून दाखवली, मी मनात ठेवली. मग मी नर्स असल्याचं शेजारणीला आठवलं. त्यांना औषधपाण्याला माणूस हवंच होतं, त्यामुळे मीही अडकले.

तयारीत दोन महिने गेले. घोट्यापर्यंत परकर, एप्रन, डोक्याला कापडी बॉनेट. फोन बंद. सामान पाच गॅलनच्या एका बादलीत मावेल तेवढंच, आणि बसायचंही त्याच बादलीवर. मी नऊवारी सुचवून पाहिली, ओढायला कासोट्याइतकं सोयीचं काय आहे? शेजारीण हसली, पण नाही म्हणाली. पुढे परकर पायात येऊन मुली धडपडायला लागल्या तेव्हा मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

मूळ गोष्ट हसण्यासारखी नाही. 1856 ते 1860 या काळात सुमारे तीन हजार माणसं हातगाडे ओढत युटाला आली. बरीचशी ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातली गरीब कुटुंबं. बैलगाडीचे पैसे नव्हते. मोठ्या माणसाला सामान 17 पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास. 1856 सालचे शेवटचे दोन तांडे, विली आणि मार्टिन, फार उशिरा निघाले. गाडे ओल्या लाकडाचे, ते वाटेत वाळून खिळखिळे झाले. ऑक्टोबरात शेजारच्या वायोमिंग राज्यात बर्फाने गाठलं. दोनशेहून जास्त माणसं दगावली. विली तांड्यातल्याच लीव्हाय सॅव्हेज या उपनायकाने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की आता निघू नका, म्हातारे आणि लेकरं मरतील. त्याचं कुणी ऐकलं नाही, तरी तो त्यांच्याबरोबर गेला. शेकोटीशी श्रद्धेच्या गोष्टी बऱ्याच झाल्या. मला मात्र हा माणूस सोडेना.

बसने पाच-सहा तासांवर मार्टिन्स कोव्ह. मार्टिन तांड्याने नोव्हेंबरात आसरा घेतला तो हा डोंगराचा खळगा. आम्ही जूनमध्ये, म्हणजे बर्फाऐवजी धूळ, वारा आणि डास. आठ-दहा मुलांचं एक 'कुटुंब' करतात, त्याला एक जोडपं 'मा' आणि 'पा'. खऱ्या आईबापांनी आपल्या मुलांच्या मागे-पुढे करायचं नाही, असा नियम. पहिल्याच संध्याकाळी मागून लेकीचा आवाज आला, "मा!" मी वळले. ती माझ्या बाजूने पळत दुसऱ्या बाईकडे गेली.

माझं काम म्हणजे टाचांचे फोड, कोरड्या हवेने फुटलेली नाकं आणि डोकेदुखी. उंची सहा हजार फुटांच्या आसपास, आणि मुलं पाणी प्यायल्याचं खोटं सांगतात. घरी फोनवर मी आधीच 'वारीसारखं' म्हणून मोकळी झाले होते, पण ते काही खरं नव्हे. वारी कुणी पुन्हा उभी करत नाही, ती चालूच असते.

दुसऱ्या दिवशी एका चढापाशी सगळ्या पुरुषांना आणि मुलग्यांना बाजूला बोलावलं. पुढचे गाडे फक्त बायकांनी ओढायचे. 1846 साली सुमारे पाचशे मॉर्मन पुरुष मेक्सिकोच्या युद्धासाठी सैन्यात गेले, त्याची आठवण. हातगाडे तर दहा वर्षांनी आले, ही सरमिसळ मला खटकली. मी शेजारणीला तसं म्हटलंही. "हो, माहितीये," ती म्हणाली आणि आपल्या गाड्याचा दांडा धरायला गेली.

वाळूत चाकं रुतत होती. मुलगे दोन्ही बाजूंना टोप्या काढून गप्प उभे. कुणी हात लावायचा नाही. मीही औषधांची पिशवी घेऊन कडेला. लेक मागून ढकलत होती, बॉनेट पाठीवर लोंबत होतं, तोंड लालभडक. मध्येच गाडा मागे सरकला. माझा पाय आपोआप पुढे पडला आणि मी तो मागे घेतला. तिच्या 'मा'ने चाकाला खांदा लावला. चढले एकदाचे. सरमिसळीचा मुद्दा तोवर मी विसरले होते.

संध्याकाळी माझ्या तंबूसमोर रांग लागली. पाचवी लेक. लंगडत आली, समोरच्या बादलीवर बसली आणि पाय पुढे केला. टाचेवर रुपयाएवढा फोड. मी वहीत नाव लिहिलं, इतरांचं लिहिते तसंच.

"फोडू नकोस," मी म्हटलं.

"मा म्हणालीच होती, तू हेच सांगशील."

मी पट्टी लावली. ती तशीच लंगडत आपल्या गाड्याकडे गेली, आणि मी पुढच्या मुलाला हाक मारली.