रविवारचं चिकन आणि हिरवा डाग

आज कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो पाकीटबंद चिकन आणलं. हळद-मीठ लावायला घेतलं तर मांडीच्या पीसवर रुपयाएवढा हिरवट डाग! वास नव्हता, मांस चिकटही लागत नव्हतं. पण रंग असा, की पावसाळ्यातली संडासामागची भिंत आठवावी. वर कातडीत पिसांची तीन-चार खुंटं.

मी लगेच पेटले. फोटो काढले, पाकिटावरचा १४ अंकी परवाना नंबर शोधला, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फोनवर टाइप करून ठेवला.

सासूबाई चष्मा पुसत ओट्यापाशी आल्या. "पित्त फुटलंय गं. काळजाला चिकटलेली पिशवी असते ना, साफ करताना फोडली मेल्यांनी. तेवढं काप, नाहीतर रस्सा कडूजहर होईल."

म्हणजे विष नाही, निष्काळजीपणा. वास मारत असता किंवा तारीख उलटलेली असती तर मी सोडलंच नसतं. तरी पाकीट घेऊन दुकानात गेले. "ताई, आमच्याकडे बंदच येतं. पुढच्या वेळी बघून घ्या." बंद पाकिटात उलट्या बाजूचा डाग कसा बघायचा म्हणे?

मग १९१५ राहू दिला आणि कंपनीला फोटोसकट मेल टाकला. पैसे नकोत, निदान पिसं तरी नीट काढा म्हणावं.

डाग दोन बोटं जास्तच कापला. रस्सा झक्क झाला. नवऱ्याने नेमका तोच पीस मागून घेतला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाकरीकडे.