गाडी, माडी, साडी, ताडी

गाडी, माडी, साडी, ताडी, वाडी, नाडी. हे सहा शब्द गेले दोन आठवडे डोक्यातून जात नाहीयेत. बायको म्हणते झोपेतपण बडबडतोस. लिहून काढलं तर जातील बहुतेक.

मी अग्निशमन दलाच्या वायरलेस सेक्शनला आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे सेट चार्जिंगला लावायचे आणि अँटेना तुटली की बदलायची. तेही आहेच. पण बऱ्याच वर्षांतून एकदा नवीन वॉकी घ्यायची वेळ येते, तेव्हा स्पेसिफिकेशन आम्हाला लिहावं लागतं, आणि ते चुकलं तर पुढची दहा वर्षं आगीच्या वर्दीवर जाणारी पोरं ते भोगतात.

खरेदी विभागाकडून जो मसुदा आला त्यात ब्रँडचं नाव कुठेच नव्हतं, नियमच आहे तसा. फक्त सेटची उंची-जाडी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत, वजन ग्रॅममध्ये, आणि इमर्जन्सीचं बटण नारिंगी असून नेमकं कुठे असावं ते. म्हणजे नवरदेवाचं नाव सोडून बाकी सगळी कुंडली छापलेली. मी सगळ्यावर काट मारली आणि लिहिलं की सेट कसा दिसतो ते नको, काय करतो ते सांगा. फायरचे ग्लोव्हज घालून चॅनलचा नॉब फिरला पाहिजे. आयपी ६७ आणि आयपी ६६ (धूळ-पाणी आत न जाण्याचे दर्जे) दोन्ही पाहिजेत. यावर मीटिंगमध्ये अर्धा तास वाद झाला, कारण सगळ्यांचा समज असा की ६७ आकडा मोठा म्हणजे ६६ त्यात आलाच. नाही हो! ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवा, ६६ म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा सगळ्या बाजूंनी मारा. आमचे सेट विहिरीत कमी पडतात आणि होजच्या धारेखाली रोज येतात. बुडवून कोरडा राहिलेला सेट धारेखाली स्पीकरच्या जाळीतून पाणी पिऊ शकतो.

दुसरं भांडण ‘डीएमआर कंप्लायंट’ या दोन शब्दांवरून. हे लिहिलं की कुठल्याही कंपनीचा सेट कुठल्याहीशी बोलेल असं साहेबलोकांना वाटतं. डीएमआर हे डिजिटल वॉकीसाठीचं युरोपचं खुलं स्टँडर्ड आहे, २००५ पासूनचं, साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एका चॅनलमध्ये दोन टाइमस्लॉट, म्हणजे एकाच वेळी दोन बोलणी, सगळं छान. पण आवाजाचं डिजिटल करणारा व्होकोडर कुठला वापरायचा हे त्या स्टँडर्डमध्ये नाहीच, कंपन्यांनी आपापसात ठरवून एक घेतला म्हणून गाडं चाललंय. एन्क्रिप्शनमध्ये तर बऱ्याच ठिकाणी ज्याचं त्याचं कुलूप आणि ज्याची त्याची किल्ली. म्हणून मी अट टाकली की एन्क्रिप्शन चालू ठेवून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट आमच्यासमोर एकमेकांशी बोलायला लावून दाखवा. एका प्रतिनिधीचा चेहरा तेव्हाच पडला.

आता मुद्द्याचं. व्होकोडर तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही, माणूस बोलतोय असं धरून त्या आवाजाचं वर्णन पाठवतो आणि पलीकडचा सेट त्यावरून आवाज परत तयार करतो. आवाजाचं हे वर्णन सेकंदाला अडीच हजार बिट्‌सच्या आत. ऑफिसात ऐकायला एकदम स्वच्छ. पण बीए सेटचा (धुरात श्वास घ्यायला पाठीवर असतो तो) हवेचा सिलिंडर संपत येऊन ५५ बारच्या आसपास आला की जी इशाऱ्याची शिट्टी वाजायला लागते ती नव्वद डेसिबलच्या वर असते, तिला हा बिचारा माणसाचाच आवाज समजतो आणि त्याचा चिवडा करतो. अमेरिकेत २००८ मध्ये यावर रीतसर टेस्ट झाल्या होत्या, काही गोंगाटात जुना अ‍ॅनालॉग सेट डिजिटलपेक्षा बरा ठरला. ती पद्धत मी उचलली. सारखे वाटणारे सहा शब्द कागदावर, पलीकडचा त्यातला एक बोलतो, ऐकणारा गोल करतो. असे ५० गट. नुसते डोळे मिटून गोल केले तरी आठेक बरोबर येतातच. मराठी गट मी रात्री जागून बनवले. पाट वाट लाट खाट घाट ताट. पाणी राणी नाणी वाणी गाणी खाणी. खरं सांगतो, नोकरीत इतकी मजा कधी आली नव्हती.

पास व्हायला ५० पैकी ४०, हे आधीच छापून दिलेलं. ड्रिल यार्डात पेट्रोल कटर चालू, शेजारी शिट्टी वाजतेय, लीडिंग फायरमन मास्कच्या आतून शब्द वाचतोय, आणि पाच जवान लांब क्लासरूममध्ये कागद घेऊन. चार कंपन्या, आद्याक्षराप्रमाणे. पहिली ३८, नापास. दुसरी ४१. तिसरी ४३. मी खूश, टेस्ट काय मस्त फरक दाखवतेय!

चौथ्याच्या वेळी मी क्लासरूममध्ये जाऊन उभा राहिलो. सेटमधून नुसती खरखर आली होती, शब्द अजून यायचा होता आणि समोरच्या जवानाने ‘घाट’वर गोल करून टाकला. मी बघतच राहिलो. तो हसून म्हणाला, “साहेब, गाडीनंतर घाटच येतो ना.”

कागद एकच होता. शब्द तेच, क्रम तोच. मी एकाच यादीच्या झेरॉक्स काढल्या होत्या. पोरं दुपारपर्यंत पाठ करून बसली होती, त्यांची काय चूक? चौथ्याचे ४४ आले. सगळे चढत्या क्रमाने, आणि हे मला आधी दिसलं नाही.

पहिल्या कंपनीचा इंजिनिअर मुलगा तोवर जीपमध्ये सामान भरत होता. सकाळी त्याने विचारलंही होतं, सर आमचा पहिला नंबर का. मी म्हटलं होतं, अरे बाबा बाराखडी.

समितीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. एक साहेब म्हणाले गप्प बसा, परत टेस्ट म्हणजे कोर्टाला आमंत्रण. आमचे चीफ मात्र सरळ म्हणाले, परत घ्या. आठवड्याने घेतली. चार वेगळ्या याद्या, क्रमाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या स्टेशनचे जवान. पहिली कंपनी ४२, पास. तिसरी-चौथी पास. दुसरी ३९, नापास.

दुसऱ्या कंपनीचं पत्र लगेच आलं. निकाल बघून निकष बदलले, आम्ही पास झालेलो असताना फेरचाचणी का, आणि दोन वेळचे ऐकणारे वेगळे असतील तर एका शब्दाच्या फरकाला अर्थ काय. शेवटचा प्रश्न मी चार वेळा वाचला. पाच माणसांची सरासरी, दुपारचं ऊन, वाचणाऱ्याचा बसलेला घसा, यात एक शब्द इकडेतिकडे होणारच, आणि ४० ची रेघ मीच मारली होती, गोल आकडा म्हणून. पण मग रेघ मारायची तरी कुठे?

बरं, जुना अ‍ॅनालॉग सेट आम्ही गंमत म्हणून दोन्ही दिवशी लावला होता. खरखरत का होईना, दोन्ही वेळा ४५. ते आकडे रिपोर्टमध्ये घालू नका असं सांगण्यात आलंय.

पत्राला उत्तराचा मसुदा सोमवारी द्यायचाय. आत्तापर्यंत ‘संदर्भ’ आणि ‘विषय’ एवढंच लिहून झालंय.