बाल न्याय मंडळात लेकासोबत

माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत शिकतो. गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर एका सामन्यात राडा झाला आणि त्यावर यानं इन्स्टाग्रामवर रील टाकली. समोरच्या संघाच्या तिघा समर्थकांचे चेहरे रडणाऱ्या तान्ह्या बाळांना चिकटवलेले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेचा आणि तालमीचा, म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा, मान, त्यामुळे ती रील नुसती चेष्टा राहिली नाही. ते तिघे तिशी-पस्तिशीचे, बायकापोरं असलेले. आधी रीलखाली शिव्या आल्या, मग इनबॉक्समध्ये "कॉलेजबाहेर गाठतो." यानं उलट लिहिलं, "आमच्या पेठेत पाऊल टाकून दाखवा, मग बघतो." त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट घेऊन ते पोलिसांत गेले. बदनामी केली, धमकी दिली अशी तक्रार.

पेठ कुठली, संघ कुठला, हे मी लिहिणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापलं किंवा पसरवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम मला लगेच पाठ झालं, कारण तक्रारीचा फोटो त्याच्या नावासकट तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागला होता. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला हे कलम लिहून पाठवलं, तेव्हा फोटो उतरला.

पोलिसांचा फोन आल्याबरोबर घरात माणसं जमली. थोरले दीर म्हणाले, "वहिनी, चला, पोराला त्या तिघांकडे नेऊ, पाया पडायला लावू आणि मिटवून टाकू." कुणी म्हणालं, सोळा पूर्ण झालीत, आता मोठ्यांच्या कोर्टात चालवतील. २०२३ च्या जूनमध्ये स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मोबाईलवरून पोलीस म्हटलं की आमच्याकडे अजून पोटात गोळा येतो.

मी पाया पडायला नेलं नाही. दहा मोठ्या माणसांच्या घोळक्यात एकट्या पोराला वाकायला लावायचं, कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो जन्मभर त्याच्या मागे लागायचा, ही कसली मिटवामिटव? माफी मागायची तर त्याला मनापासून वाटेल तेव्हा आणि जिथं त्याच्या अंगावर कुणी धावून येणार नाही तिथं. दीर आठवडाभर बोलले नाहीत. चालतंय.

सोळा वर्षांची भीती मात्र वकिलांनी पहिल्याच भेटीत काढली. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, तशाच गुन्ह्यात सोळा ते अठराच्या मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं का, हे बाल न्याय मंडळ, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं चालवणारं मंडळ, तपासतं. आमच्या पोराची कलमं तीन वर्षांच्या आतली होती, म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ अपराध. हे वकील आम्हाला फुकट मिळाले. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं अर्ज केला. लहान मुलाला मोफत वकील हा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पतसंस्थेत नोकरी करून कागदपत्रांची सवय असलेल्या मलाही हे ठाऊक नव्हतं, म्हणून ठळक सांगते.

पोलीस ठाण्यात मी आणि माझा भाऊ गेलो. हे शिरोलीच्या फौंड्रीत सेकंड शिफ्टला होते. एका हवालदारांनी कागद पुढे केला, "बाळ, इथं सही कर." मी म्हटलं, साहेब, मुलाची सही जबाबावर घेत नाहीत, नियमात आहे, आणि आम्हाला बाल कल्याण पोलीस अधिकारी भेटायला हवेत. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो. त्या बाई साध्या वेशात आल्या, आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं आणि पुढचं सगळं बोलणं माझ्यासमोर झालं. कोठडी नाही, बेड्या नाहीत. मोबाईल त्यांनी ताब्यात घेतला, त्याचा पंचनामा आम्ही मागून घेतला.

मोबाईल द्यायच्या आधी पोरगा अकाउंट डिलीट करायला निघाला होता. मी हात धरला. त्या तिघांनी पाठवलेले मेसेज त्याच अकाउंटमध्ये होते. ते सगळे तारीख-वेळ दिसेल असे काढून ठेवले. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांनी करून घेतलं. तक्रारीत एकच ओळ होती. तिच्या आधीच्या ओळी आमच्याकडून मंडळापुढे गेल्या.

सगळ्यात अवघड दिवस कागदांचे नव्हते. पोरगा जेवेना, कॉलेजला जाईना, रात्री जागा. मित्रांच्या आयांनी त्यांना आमच्याकडे येऊ नका सांगितलेलं. आम्ही घरात एक ठरवलं की रात्रीच्या जेवणानंतर केसचा विषय काढायचा नाही, कुणी पाहुणा आला तरी नाही. हे सकाळी त्याला घेऊन रंकाळ्यावर चालायला जायचे. दोघेही फारसं बोलत नसत. १४४१६ ही टेलिमानसची, मनाच्या त्रासासाठीची मोफत लाइन आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आधी मी बोलले, मग दोन-चार दिवसांनी त्यानं स्वतः फोन मागितला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

परिविक्षा अधिकारी घरी आले. मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, त्यासाठी ते घर, अभ्यास, मित्र, राग कशावर येतो, सगळं विचारतात. सासूबाई म्हणाल्या, त्याला नीट पढवून ठेव. मी पढवलं नाही. एवढंच सांगितलं, की जे झालं ते सांग, आणि नाही आठवलं तर नाही आठवत म्हण. अधिकाऱ्यांनी मला थोडा वेळ बाहेर जायला सांगितलं, तेव्हा बाहेर जाणं जड गेलं, पण गेले.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांत निदान एक बाई असावीच लागते. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, टेबलाच्या या बाजूला आम्ही आणि त्या बाजूला ते. मंडळातल्या मॅडमनी त्यालाच विचारलं, काय झालं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. "त्या तिघांनी आधी लिहिलं, ते मोठे आहेत, हा लहान आहे." वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. तो म्हणाला, "त्यांनी आधी शिव्या दिल्या, हे खरं आहे. पण ती रील मी केली आणि ती ओळ मीच लिहिली. बाळांवर चेहरे लावायला नको होते, त्यांच्या घरच्यांनी बघितलं असेल." ही शेवटची गोष्ट मला सुचली नसती. आम्ही मोठी माणसं कलमात, मानात आणि तालमीत अडकलो होतो. त्या तिघांच्या घरच्यांचा विचार फक्त त्यानं केला होता.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, दोन महिने वाढवून मिळू शकतात. आमची तारीख दोनदा पुढे गेली, त्यातली एक नेमकी सहामाहीच्या पेपरला आली. वकिलांनी हॉल तिकीट जोडून अर्ज दिला आणि पेपर देता आला. शेवटी मंडळानं त्याला समज दिली, समुपदेशनाला जायला सांगितलं आणि घरी पाठवलं. कलम २४ प्रमाणे याचा ठपका पुढे शिक्षणात किंवा नोकरीत लागत नाही, हे मॅडमनी त्याला समजेल असं, त्याच्याकडे बघून सांगितलं. बाहेर आल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, भडंग घेऊया का.

त्या तिघांनी सोळा वर्षांच्या पोराला कॉलेजबाहेर गाठायची धमकी दिली, त्याची आमची तक्रार वेगळी आहे आणि ती अजून चालू आहे. त्या तारखांना मी आणि हे जातो. त्याला नेत नाही.