साकव, बंधारा आणि ‘मी’

माझी सिव्हिलची पदवी २०१० सालची. रत्नागिरी जिल्ह्यातलं साधं संलग्न कॉलेज, फर्स्ट क्लास. नवऱ्याला ब्रिस्बेनला नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, पदवी दाखवायची, दोन-चार फॉर्म भरायचे की झालं. नात्यातल्या एकाने छातीठोक सांगितलंही होतं, ‘भारत वॉशिंग्टन करारात आहे, आपली डिग्री सगळीकडे चालते.’

करारात आहे, हे खरं. १९८९ साली सहा देशांच्या इंजिनिअरिंग संस्थांनी एकमेकांच्या पदवी अभ्यासक्रमांना समकक्ष मानायचं ठरवलं, तो हा करार. आपल्याकडून त्यात एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, १३ जून २०१४ रोजी पूर्ण सदस्य झालं. माझी पदवी त्याच्या चार वर्षं आधीची, म्हणजे तिथेच बाद. शिवाय आमच्या कॉलेजच्या गेटवर ‘एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मान्यताप्राप्त’ असं ठळक लिहिलेलं असायचं. ती मान्यता म्हणजे कॉलेज चालवायची परवानगी. एनबीएचं मूल्यांकन वेगळं. तेही अख्ख्या कॉलेजचं नसतं, एकेका शाखेचं असतं, ठरावीक वर्षांपुरतं असतं, आणि करारात धरतात ते फक्त टियर-१, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग यांचंच. माझ्या मामेभावाची पदवी अलीकडची, स्वायत्त कॉलेजातली, यादीत बसणारी. त्याचं काम कागद अपलोड करून भागलं. त्याला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स मी शिकवलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

माझ्यासाठी उरला सीडीआरचा, म्हणजे आपली क्षमता दाखवणाऱ्या अहवालाचा रस्ता. एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तिकडच्या पात्रता तपासणाऱ्या संस्थेला आपल्या कामाचे तीन प्रसंग लिहून द्यायचे, प्रत्येक एक हजार ते अडीच हजार शब्दांचा, परिच्छेदांना क्रमांक घालून. मग एक तक्ता करायचा: इंजिनिअरच्या अंगी हव्यात अशा १६ गोष्टी, आणि त्यातली कुठली माझ्या कुठल्या परिच्छेदात दिसते. इंग्रजीची परीक्षाही होती, आयईएलटीएसमध्ये चारही भागांत किमान सहा. ती निघाली. अडले ते प्रसंगांत.

कारण तिथे अट अशी की सगळं ‘मी’ म्हणून लिहायचं. टीमने काय केलं ते नको, तुम्ही काय केलंत ते सांगा. आणि मी १२ वर्षं साइट डायरीत काय लिहीत होते? ‘सदर ठिकाणी भराव करण्यात आला.’ ‘काँक्रीट ओतण्यात आले.’ आपल्या सरकारी मराठीत काम होतं, पण ते करणारं कुणी नसतंच. बोलताना मी ‘आम्ही’ म्हणायची. पहिला मसुदा लिहिला आणि त्यातले ‘मी’ मोजले, तर अडीच पानांत चार. त्यातले दोन ‘मी हजर होते’ असे.

पहिला प्रसंग साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा घेतला. वाडीतली मुलं पावसाळ्यात पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून शाळेत जायची, तिथला. आता साकव कॅनबेरातल्या माणसाला कसा सांगायचा? ‘फूटब्रिज’ लिहिलं की बागेतला पूल वाटतो. दुसरा नळपाणी योजनेचा. तो पटकन झाला, पंप आणि पाइपच्या आकडेमोडीत फारसा प्रश्न नसतो.

तिसरा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा, समुद्राने किनारा खाऊ नये म्हणून घालतात त्या. यावर मी तीन आठवडे घालवले.

त्या कामावर नाना म्हणून मुकादम होते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्यांच्या बोटांवर. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही खोल, म्हणून बंधाऱ्याच्या पायथ्याचं खोदकाम ते अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, भल्या पहाटे धरायचे. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत तिथे पाणी हटतच नाही. शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आम्हाला कुणी पाठ करून घेतली नव्हती. ती मी नानांकडून शिकले. मग ‘मी कामाचं नियोजन केलं’ असं कुठल्या तोंडाने लिहू?

एका एजंटने सांगितलं, ‘मॅडम, तयार सीडीआर देतो, नाव बदलायचं फक्त.’ तिकडे मजकूर चोरीसाठी तपासतात आणि खोटं सापडलं तर बंदी येते, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त आला. त्याच्या नमुन्यात समुद्राच्या भिंतीला विटा होत्या.

शेवटी शोधलं, की नाना नसते तरी माझ्याशिवाय झालं नसतं असं काय होतं. सापडला तो एक डंपर. आराखड्यात बाहेरच्या थराला ५०० किलोच्या वरचा काळा दगड होता. खाणीतून आलेला माल बघूनच बारीक वाटला. मी टेप लावून २० दगडांची लांबी-रुंदी-उंची घेतली, घनतेने गुणलं. निम्म्याहून जास्त दगड कमी भरले. ठेकेदार म्हणाला, ‘दगड तो दगड, बाय.’ तसं नसतं. दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात लागतं. लाट दुप्पट, तर दगड आठपट. मी डंपर परत पाठवला. दोन दिवस काम बंद, शिव्या मला. हे सगळं ‘मी’ होतं. नियोजनाच्या परिच्छेदात लिहिलं, की मुकादमाच्या अंदाजाने वेळा काढल्या, मी त्या छापील भरतीतक्त्याशी ताडून पाहिल्या आणि पाळ्या ठरवल्या. तेवढंच खरं होतं.

मग कागद. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मध्ये विवाह नोंदणीचा दाखला. जुन्या ठेकेदाराकडे अनुभवपत्र मागितलं तर एका ओळीचं आलं: ‘मुलगी मेहनती आहे.’ पद, तारखा आणि कामाचं स्वरूप घालून मीच टाइप केलं, त्याने वाचून, एक तारीख दुरुस्त करून सही केली.

चार महिन्यांनी निकाल आला, ‘प्रोफेशनल इंजिनिअर’. त्याखालच्या ‘टेक्नॉलॉजिस्ट’ श्रेणीत टाकतील अशी धास्ती होती. पण हे झालं स्थलांतरासाठी. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमध्ये २००२च्या कायद्यानुसार इंजिनिअरची कामं करायला राज्याची वेगळी नोंदणी लागते, नाहीतर नोंदणीकृत इंजिनिअरच्या देखरेखीखाली करायची. आपल्याकडे आर्किटेक्टला १९७२पासून कायदा आणि कौन्सिल आहे. मी मात्र १२ वर्षं कुठल्याही परवान्याशिवाय समुद्र अडवत होते.

निघायच्या आधी नानांना भेटायला गेले. निकालाचं पत्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, सही कुणाची ते विचारलं. मग म्हणाले, ‘तिकडं पाऊणकी चालता काय गो?’

मी म्हटलं, बघून फोन करते.