ऑकलंडचा ब्रूस मॅक्लारेन

फॉर्म्युला वनमधल्या नारंगी गाड्या आता पुण्या-मुंबईच्या पोरांना तोंडपाठ झाल्या आहेत. माझा भाचा रविवारची रेस संपली की मेसेजवर मेसेज पाठवतो. इकडे सोमवारी सकाळी उठून मी ते वाचत बसतो. मध्ये त्याने विचारलं, ‘‘मामा, मॅक्लारेन इंग्लंडची टीम ना?’’ कारखाना इंग्लंडात, वोकिंगला आहे हे खरं. पण हे ज्याचं आडनाव, तो माणूस न्यूझीलंडच्या, आमच्या ऑकलंडचा. हेंडरसनला त्याच्या नावाची शाळा आहे आणि जवळच ग्लेन ईडनच्या वाइकुमेटे दफनभूमीत त्याची कबर आहे. २ जून ही त्याची पुण्यतिथी. त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७चा. रेम्युएरा भागात त्याच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि त्याला लागूनच गॅरेज. नवव्या वर्षी त्याला पर्थेसचा आजार झाला. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्तपुरवठा नीट होत नाही आणि हाड झिजत जातं. टाकापुनाच्या विल्सन होममध्ये जवळजवळ दोन वर्षं त्याला चौकटीला बांधून झोपवून ठेवलं होतं. पुन्हा चालू लागला तेव्हा डावा पाय आखूड झाला होता, तो कायमचाच. धावण्या-खेळण्याच्या वयातली दोन वर्षं अशी गेलेल्या मुलाने पुढे वेगाचा ध्यास घ्यावा, याचं मला नवल वाटत नाही.

वडिलांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर सुट्या भागांच्या अवस्थेत विकत आणली. बापलेकांनी ती जुळवली आणि मिसरूड फुटायच्या वयात ब्रूस मुरीवायच्या घाटातल्या स्पर्धेत ती घेऊन उतरला. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना मुरीवायची काळी वाळू आणि गॅनेट पक्ष्यांची वसाहत दाखवायला नेतो. पक्षी बघून परत निघालात की समुद्राकडून वर चढणाऱ्या रस्त्याकडेही नीट बघा. सगळी सुरुवात या भागातली आहे.

१९५८मध्ये इथल्या होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवण्याची योजना निघाली आणि पहिली निवड त्याची झाली. तिकडे तो कूपर टीममध्ये गेला. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंगला, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत त्याचाच जोडीदार जॅक ब्रॅबमचं पेट्रोल संपलं आणि ब्रूस पहिला आला. वय २२. इंडियानापोलिसची शर्यत त्या काळी अजिंक्यपदात धरत, ती वगळली तर सर्वांत तरुण विजेत्याचा त्याचा हा विक्रम २००३ साली फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला.

पण मला ओढ आहे ती १९६३मध्ये स्वतःची कंपनी काढणाऱ्या ब्रूसची. सुरुवातीच्या काळात एका स्पोर्ट्स कारची चाचणी घेताना त्याला दिसलं की पेट्रोलच्या टाकीवरचं छोटं झाकण वेगात उडतंय, आपटतंय. वरून वारा वाहतोय म्हणजे ते दाबून बसायला हवं होतं. दुसऱ्या कोणी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, येऊन मेकॅनिकला झापलं असतं, पट्टी लावून घेतली असती. ब्रूसने विचार केला की झाकण वर उचललं जातंय, म्हणजे आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. नाकातून रेडिएटरकडे शिरणारी हवा बाहेर पडायला वाटच नाही, ती आत कोंडतेय. त्याने पत्रा कापायची कात्री मागवली, रेडिएटरच्या मागे बॉडीला सरळ भोकं पाडली आणि पुन्हा ट्रॅकवर गेला. गाडी लगेच जास्त वेगात पळाली. रेसिंग कारच्या नाकावरच्या त्या ‘नाकपुड्या’ इथून आल्या.

तोच आखणार, तोच चालवणार, आणि गाडी काय सांगतेय ते तोच ऐकणार. स्टिअरिंग धरलेले हात बनवणाऱ्याचेच असल्यामुळे मधल्यामध्ये निरोप हरवायची सोय नव्हती. त्याच्या यशाचं मर्म मला यातच दिसतं.

१९६६मध्ये ल मॅन्सची चोवीस तासांची शर्यत त्याने ख्रिस एमनबरोबर फोर्डच्या गाडीतून जिंकली, दोघेही न्यूझीलंडचे. १९६८मध्ये बेल्जियममध्ये स्पाला तो स्वतःच्या नावाच्या गाडीत ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, जिंकला. पुढे असलेला जॅकी स्ट्युअर्ट शेवटी पेट्रोलसाठी थांबला होता आणि आपण जिंकलोय हे ब्रूसला थांबल्यावर दुसऱ्यांकडून कळलं! उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम या स्पोर्ट्स कारच्या मालिकेत तर १९६९च्या अकराच्या अकरा शर्यती ब्रूस आणि डेनी हल्म या दोन किवींनी वाटून घेतल्या.

२ जून १९७० रोजी इंग्लंडात गुडवुडला तो कॅन-ॲमसाठीच्या नव्या एम८डी गाडीची चाचणी घेत होता. शर्यत नव्हती, साधं रोजचं काम होतं. सरळ रस्त्यावर भरवेगात मागची बॉडी उचकटून उडाली. गाडीला जमिनीवर दाबून धरणारी हवेची पकड सुटली, गाडी गरगरत जाऊन ट्रॅकशेजारच्या मार्शलच्या ठाण्यावर आदळली आणि ब्रूस जागीच गेला. ३२ वर्षांचा होता. आयुष्यभर ज्या हवेचं वागणं तो वाचत आला, तिनेच घात करावा, हे मी कितीदा वाचलं तरी गळ्याशी येतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी दिली होती, तरी माणसं कामावर आली. हल्मचे हात मे महिन्यात इंडियानापोलिसच्या सरावात भाजलेले, तरी तो गाडीत बसला. बारा दिवसांनी कॅनडात मॉस्पोर्टला कॅन-ॲमचा हंगाम सुरू झाला आणि मॅक्लारेनकडून उतरलेल्या अमेरिकन डॅन गर्नीने ती शर्यत जिंकली, ब्रूस ज्या गाडीवर काम करता करता गेला त्याच एम८डीमध्ये. त्या वर्षीच्या दहापैकी नऊ शर्यती मॅक्लारेनच्या झाल्या आणि अजिंक्यपद हल्मने मिळवलं.